कोटवर

रात्रीचा दीड.
तहसीलच्या आपत्ती कक्षात मी, एक पंखा,
आणि भिंतीवर तालुक्याचा नकाशा
ज्यातली नदी कुणीतरी निळ्या स्केचपेननं पुन्हा गिरवलीय,
मूळची पुसट झाली म्हणून.

वरून मेसेज आला: धरणाची एकवीस दारं दीड मीटरनं उघडली.
मी तो जसाच्या तसा समोर ढकलला.
विसर्ग सहा हजार घनमीटर प्रतिसेकंद.
नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.
सदतीस ग्रुप. तलाठी, पोलीस पाटील, पत्रकार बंधू,
आणि एक ‘शुभ सकाळ परिवार’,
ज्यातून मला कुणी काढत नाही आणि मीही निघत नाही.
फेसबुकवर टाकला.
पहिल्याच मिनिटाला कुणीतरी हात जोडले.
दोन अंगठे आले.
एकानं विचारलं, हा मागच्या वर्षीचा आहे का?

मग टेबलावरचा फोन वाजला. जुना, तारेचा.
‘मी सयत्रा नन्नावरे, मोहटोल्याची.
पान्याच्या टाकीवर चढून बोलून राहिली जी, खाली रेंज नाही.
तुमचा मेसेज पाहिला. घनमीटर म्हंजे कोटवर?’

मी म्हणालो, प्रतिसेकंद.

‘ते असंन. पण कोटवर?’

टाकीवरचा वारा ऐकू येत होता.
मी विचारलं, नदीकडून गावात येताना आधी काय लागतं?
‘आधी सिंदीचं झाड. मंग मोह, डोंगे बांधतात तो.
मंग ढिवरमोहल्ला. मंग मारोती,
त्याच्या सात पायऱ्या. मंग शाळा.’

कपाटात पूर नोंदवही होती, वाळवी लागलेली.
माझ्याआधी या खुर्चीवर बसलेल्या कुणाचं तरी
तिरपं अक्षर:
दारे एकवीस. मोहटोला, मारोतीची चवथी पायरी, पहाटे पाच.
खाली सहीसुद्धा नाही.

मी मेसेज नव्यानं लिहिला.
मोहटोला. पाणी मारोतीच्या चवथ्या पायरीपर्यंत येईल.
पाचच्या आत. ढिवरमोहल्ला आत्ता रिकामा करा.
शाळेत नको, टेकडीवरच्या समाजमंदिरात.
हा आजचा आहे. आजची तारीख.

तिनं मोठ्यानं वाचला. म्हणाली, हं, आता समजलं.
मग जरा थांबून,
‘बुधा म्हशाखेत्रीले ऐकू येत नाही जी. त्याले हालवा लागते.’
त्याच्यासाठी माझ्याकडं
कुठलाच ग्रुप नव्हता.

बाकीच्या गावांच्या पायऱ्या शोधत बसलो.
काही वहीत होत्या. काही वाळवीनं खाल्लेल्या.
मग फोन लावत गेलो, उठवत गेलो माणसं,
विचारत गेलो, तुमच्याकडं कुठवर येते नदी?
कुणी म्हणालं बाभळीच्या दुफाट्यापर्यंत,
कुणी मोटारपंपाच्या पेटीपर्यंत,
कुणी, कोण बोलून राहिलं बे, आणि ठेवून दिला.

तीन अठ्ठेचाळीसला मोहटोल्याहून आवाज आला,
बारा सेकंदांचा.
कुत्री. चिखलातली पावलं. तेलाचा रिकामा पिपा
आणि दामाजी उंदिरवाडे कोतवालाचा बसलेला गळा:
चवथीऽऽ पायरी होऽऽ, चवथीऽऽ पायरी.
माझंच वाक्य. त्यातलं ‘प्रतिसेकंद’ गळून गेलेलं.
अगदी शेवटी, लांबून, एक बाई:
बुधा उठला वो.

मी विचारलं, किती लोक वर पोचले?
एकच टिक.
चार वाजता, जनावरं सोडली का?
एकच टिक.

पाच दहा.
वही उघडली, त्या तिरप्या अक्षराखाली
आजची तारीख घातली.
दारे एकवीस. मोहटोला, मारोतीची
इथं बोटभर जागा सोडली
आणि पेनाचं टोपण न लावता
फोनकडं बघत राहिलो.