रात्रीची साक्ष

डॉक्टर नीवेसनं कानांपुढं
बोटं टेकवली. 'उघडा.'
कट्.
अडकलेला खण ओढावा तसा
ओंदिनाचा जबडा डावीकडं सरकत उघडला,
दोन बोटांपुरता. तिसरं मावेना.

'रात्री दात खाता?'
'कोण सांगणार? एकटीच झोपते.'

बाहेर त्रिएस्तेचा बोरा वारा
दुकानांच्या पाट्या बडवत होता.
पाणीखात्याच्या तक्रार-फोनवर एकोणीस वर्षं
'हो साहेब, नोंदवते साहेब',
हे तिनं सांगितलं नाही.

गरम फडक्याचा शेक. मऊ जेवण.
'ओठ मिटलेले असोत, दात सुटे.'
आणि झोपताना घालायची पारदर्शक पट्टी.

महिन्यानं तीच पट्टी
तिनं खिडकीच्या उजेडात धरली.
चरेच चरे. डावीकडं खोल.
'बघा की,' ती हसली,
'भांडत होते तर मी!'

हसताना कट् झालं.
जरा हळू.