नेढं

फिंटनला चाळिशी लागली ती पन्नाशीत.
बॅलिना गावात, मॉय नदीकाठी त्याचं दुकान :
सॅमनला भुलवायच्या पिसांच्या माशा.
सोळा नंबरचा गळ, त्याचं नेढं कणीएवढं.
तो हात लांब नेत गेला, लांब,
शेवटी हातच पुरेना.

गॉलवेच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
डोळ्यातलं भिंग ताठलंय, वाकत नाही.
वलयांचं बसवू? जवळचं दिसेल, लांबचंही,
पण रात्री दिव्यांना खळं पडेल.
नाहीतर डावा जवळचा, उजवा दूरचा.
मेंदू हळूहळू मानून घेतो ही वाटणी.

‘वाटणीच बरी,’ फिंटन म्हणाला,
‘नदीवर मी अंधारातच जातो.’

तिसऱ्या आठवड्यात डोळ्यांचं पटलं.
त्यानं जुनी पेटी काढली,
गेल्या सहा वर्षांच्या माशा, न खपलेल्या, आपल्याच हातच्या.
एक डाव्या डोळ्याशी धरली.
दोरा उलटा गुंडाळलेला.
दुसरीचाही.
सगळ्यांचाच.

घरात डावखुरं माणूस एकच.

अट्रॅक्टा ओट्याशी बटाटे सोलत होती,
पाठमोरी, अशा अंतरावर
की ती कुठल्या डोळ्याच्या वाट्याची
तेच ठरेना.
तो उठला. जवळ गेला, अजून जवळ,
तिच्या तर्जनीवरचे बारीक टोचे
एकेक मोजता येईपर्यंत.

ती म्हणाली, ‘काय बघतोस?’
त्यानं सोललेला बटाटा उचलला,
उजेडात फिरवला.
‘याचे डोळे राहिलेत काढायचे.’