मधला सिलिंडर

ओम्नीचं इंजिन सीटखाली असतं,
म्हणजे आपण त्याच्यावर बसूनच
त्याला शिव्या देत असतो.

अक्कलकोट रोडला पुलाच्या चढावर,
मागे टॉवेलचे अकरा गठ्ठे,
ती अडखळायला लागली:
धड, धड, गप्प. धड, धड, गप्प.
मागून रिक्षावाला ओरडला,
"उतरून ढकल की बे!"

लिटरला सोळा द्यायची. आता अकरा.
टाकी फुल ते टाकी फुल, वहीत लिहितो मी.
पंपवालेच मारतात, असं सहा महिने
बायकोला सांगत होतो.
तीन पंप बदलले.

रज्जाक नदाफनं आधी हात लावलाच नाही.
सीट उचलली, विडी विझवली,
मान तिरकी करून बसून राहिला.
माझे वडील मिलमध्ये जॉबर होते,
ठेका ऐकून सांगायचे
कुठल्या मागाचा धोटा चुकतोय.
घरी आम्ही काही शोधत असलो की
तेलुगूत म्हणायचे, विनु रा.
ऐक, पोरा. बघतोस काय नुसता.

मग रज्जाकनं हाताला फडकं गुंडाळून
चालू इंजिनच्या वायरी एकेक काढल्या.
पहिली काढली, गाडी कासावीस.
लावली. तिसरी काढली,
विझता विझता राहिली.
मधली काढली
आणि काहीच झालं नाही.
"हा मेलेला," तो म्हणाला.
"काढून फरक पडत नाही ना, तो."

दिवाळीआधी शेडमधून अंबादासला काढलं
तेव्हा बत्तीस माग तसेच वाजत होते.
मीही त्या दिवशी गठ्ठे मोजले,
पावती घेतली, निघालो.

"मेला नसेल," मी म्हणालो.
कुणाबद्दल, ते रज्जाकनं विचारलं नाही.

मधला प्लग काजळीनं काळा, पेट्रोलनं ओला.
पहिल्याच्या घरात बसवला
तर बिनबोभाट पेटायला लागला.
पहिल्याचा प्लग इकडे आणला, तोही गप्प.
म्हणजे त्याच्यात खोट नव्हती.
त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं.

साडेआठला लाइट गेली.
मी मोबाइलची बॅटरी लावली,
रज्जाक म्हणाला, "बंद कर. आत्ताच दिसेल."
त्रेचाळीस डिग्रीचा दिवस उरलेला पत्र्यात,
पाठीवर घामाचे ओघळ, आणि अंधारात
मधल्या वायरीच्या वाकणापाशी
मुंगीएवढी निळी ठिणगी
जायचं तिथं न जाता
शेजारच्या लोखंडावर उडत होती.

नवी वायर बसली. तिन्ही बोलायला लागले.

तरी वहीत तेराच.
चार दिवसांनी परत गेलो.
त्यानं एअर फिल्टरचं झाकण काढलं
आणि हसत खालीच बसला.
आतून निघालं गुलाबी, पांढरं, पोपटी तूस,
बोटभर जाड, दाबून बसलेलं.
दोन वर्षं शेडच्या दाराशी लावतोय गाडी,
तिथला वारासुद्धा टॉवेलचाच.
"गाडी आहे का गादी?" रज्जाक म्हणाला.

पण खरी चोरी त्याला शेवटी सापडली.
चोकच्या बटणाला मी डब्याची पिशवी अडकवतो.
भाकरी, चटणी, पाण्याची बाटली.
त्या ओझ्यानं चोक अर्धा बाहेर,
दिवसभर, भर उन्हात,
जणू गाडीला थंडी वाजतेय.
ते त्यानं मला सांगितलं नाही.
पिशवी काढली, माझ्या हातात दिली,
आणि बटण अंगठ्यानं आत ढकललं.

तीन पंपवाल्यांची माफी मागायला
मी अजून गेलेलो नाही.

आज अशोक चौकात सिग्नलला थांबलो
तेव्हा सीटखालून एकसारखी थरथर येत होती.
डबा मांडीवर.
हिरवा लागल्याचं मागच्यानं हॉर्न मारून कळवलं.

रात्री वहीत लिहिलं:
पंधरा पॉइंट चार. चाकांत हवा भरली.
पुढची ओळ गाडीची नाही, तरी तिथंच लिहिली:
अंबादासला दोनदा फोन लावला.
उचलत नाही. रिंग जाते.