धुण्याची वही

तळघरात दोन मशिनं आहेत
आणि खिळ्याला सुतळीनं बांधलेली एक वही.
ज्याला धुवायचंय त्यानं आपला तास लिहायचा.
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
मी सरळ कपडे टाकले, वर गेले, चहा केला,
परत आले तर माझे ओले कपडे टेबलावर,
घडी घालून.
ओल्या कपड्यांची घडी!
इतका सभ्य राग मी जन्मात पाहिला नव्हता.

ओउलू. नकाशावर इतकं वर
की बोट लांबवावं लागतं.
नोव्हेंबरात तीनच्या आत दिवस दुकान आवरतो.
बसथांब्यावर माणसं अशी उभी
की दोघांच्या मधे एकेक म्हैस आरामात मावेल.
पहिल्या दिवशी मी सवयीनं
एका बाईंना खेटून उभी राहिले.
त्या अर्धं पाऊल सरकल्या. मीही सरकले.
असं करत करत दोघी छपराबाहेर, बर्फात.

बँक म्हणते, ओळखपत्र आणा.
ओळखपत्रवाले म्हणतात, पैसे भरा, बँकेतून.
पाच आठवडे मी या दोन दारांमधली पायरी होते.

आई फोनवर विचारते, रुळलीस का गं?
मी म्हणते, हो.
पण वाट रुळते ती रोजच्या पायांनी,
आणि इथे तर पहाटे यंत्र येतं,
कालची पावलं खरवडून नेतं,
वर बारीक खडी पसरून जातं.
रोज पहिलाच दिवस.
असं आईला कसं सांगणार,
ती लगेच विचारेल, बूट बरे आहेत ना?

बूट बरे आहेत.

शेजारच्या खोलीत मेसेरेत, बहिर दारची.
तिला तिच्या गावच्या तळ्याबद्दल बोलायचं असतं
आणि मला आमच्या पाण्याच्या टँकरबद्दल.
एका रविवारी तिनं तिखट भाजायला घेतलं.
मी म्हटलं, खिडकी उघड. ती म्हणाली, उणे एकोणीस आहे.
धुराची घंटा वाजली
आणि पाच मजले माणसं, सपाता-गाऊनवर,
अंगणात ओळीनं उभी.
कुणी ओरडलं नाही. कुणी काही म्हणालंच नाही.
आम्ही दोघी डोळे पुसत, ठसकत, मेल्याहून मेल्यासारख्या.
मग तिसऱ्या मजल्यावरच्या औलिक्कीबाई,
त्याच, बसथांब्यावरच्या, नाक वर करून म्हणाल्या,
काय शिजतंय?
आणि पाच मजले हसले. म्हणजे श्वासाची वाफ
नेहमीपेक्षा थोडी जास्त निघाली.

त्यानंतर एका संध्याकाळी, म्हणजे दुपारी,
त्या थांब्यावर पुढे आल्या
आणि माझ्या काळ्या कोटाला पिनेनं
एक चकचकीत मासा लटकवला.
"तू दिसत नाहीस," म्हणाल्या,
एकेक शब्द चिमट्यानं वाळत घालावा तशा.
"गाड्यांना."
आणि जाऊन उभ्या राहिल्या, एक म्हैस सोडून.

तेव्हापासून दिवे अंगावर आले की
माझ्या कमरेशी तो मासा उसळतो.
विजेचा खांबसुद्धा मला ओळखतो असं वाटतं,
ते खरं नाही, पण वाटतं.

वहीत आधी मी खोली क्रमांक लिहायचे.
डिसेंबरात बघते तर गुरुवार, सातचा तास,
दुसऱ्याच कुणाच्या ताठ अक्षरात माझं नाव,
'मैथिली'चं 'माइतिली' झालेलं.
इथल्या भाषेत माइतो म्हणजे दूध.
खोडरबर होतं तिथेच.
मी फक्त खाली रेघ मारली.

काल गुरुवार. सात वाजून दहा.
माझ्या मशीनमधे कुणाचे तरी कपडे,
नवीन मुलगा असणार, जानेवारीत आलेला,
बनियनवर अजून घरच्या धोब्याची निळी खूण.
मी दहा मिनिटं थांबले. कुणी आलं नाही.
मग एकेक काढला, झटकला, घडी घातली.
हाताला थंड लागत होते.
मला वाटतं त्या दिवशी राग नव्हताच,
किंवा होता आणि तोही असाच
झटकून, घडी घालून ठेवलेला.

एक मोजा ड्रमला चिकटून बसला होता.
तोही काढला.
त्याचा जोडीदार काही सापडला नाही.