वाढत्या अंगाचं

तीस वर्षं मी वसमतच्या लेकरांना
वाढत्या अंगाचं शिवून दिलं.
बाही दोन बोटं लांब,
शिवणीत माया सोडलेली, पुढच्या जूनसाठी.
लेकरं वर्षभर ढगळ फिरायची,
मग एखाद्या दिवाळीत सदरा अंगाला यायचा
आणि लगेच उसवायचा.

म्हणून जोगदंड सरांना म्हणालो,
घ्यायचंच तर मोठं धनुष्य घेऊ,
शिवकन्या चौदाची आहे, वाढेल त्यात.

सर हसले नाहीत.
मोंढ्यामागच्या मैदानात हळदीची पोती,
आत माझ्याच दुकानच्या चिंध्या, ते निशाण.
उपसलेला प्रत्येक बाण टोकाला पिवळा.
तिच्या हातात त्यांनी एका दांडग्या माणसाचं धनुष्य दिलं.
बघा, म्हणाले.
ओढता ओढता तिची मान मागं गेली,
खांदा कानाला टेकला,
दोरी हनुवटी सोडून पार कानामागं.
सुटली तशी डाव्या कोपराच्या आत
पट्टीनं मारावा तसा लाल वळ.
ती म्हणाली, लागलं नाही.

मी शिंपी आहे.
कुठं ओढलं जातंय ते मला
बगलेतल्या चुणीवरनं कळतं.

टेप आणलाय का, सर म्हणाले.
गळ्यातच होता.

भिंतीला पाठ लावून तिनं हात पसरले.
या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत
त्रेसष्ट इंच.
एवढी झाली हे मला टेपनं सांगितलं.
अडीचनं भागा.
पंचवीस, वर चिमूटभर.
मापात पाप नको, चिमूटही लिहिली.

मग त्यांनी चाक दाखवलं.
गोल नाही, एका अंगानं फुगलेलं,
माझ्या मशीनच्या पोटात असतं तसंच.
त्यावर बारीक खुणा,
पाना फिरवला की अर्धा अर्धा इंच सरकणाऱ्या.
म्हणजे माया यालाही असते!
फक्त आज अंगाबरोबर लावायचं,
आणि ती वाढली की तेवढंच उसवायचं.
आधी अठ्ठावीस पौंडांचं ओझं. ओढत गेलं की चाक वळतं
आणि भार एकदम उतरतो,
हातात उरतात पाच-सहा.
हमाल थप्पीला पोतं टेकवून
श्वास घेतो ना, तसं. तिथं थांबून नेम धरायचा.

परभणीत एक जुनं होतं, तिच्या मापाचं, उजव्या हाताचं.
जेवते उजव्यानं, लिहिते उजव्यानं.
पैसे रुमालात बांधून ठेवले.
बाण तेवढे डावीकडं पडायचे,
सगळेच्या सगळे, शिस्तीत डावीकडं.
सर म्हणायचे, सराव कमी.

त्याच संध्याकाळी लाईट गेली.
सुईत दोरा जाईना, तिला हाक मारली.
तिनं सुई दाराच्या उजेडाकडं धरली
आणि उजवा डोळा मिटला.
पहिल्या झटक्यात दोरा पार.

पाच वर्षांची असल्यापासून माझ्या सुया ओवतेय.
कुठल्या डोळ्यानं, ते मी कधी बघितलं नव्हतं.

सकाळी सरांनी तिला तळहातांच्या फटीतून
पाण्याच्या टाकीवरचा कावळा बघायला लावला.
उजवा डोळा झाकला, कावळा जागेवर.
डावा झाकला, कावळा गायब.
सर टोपी काढून
बराच वेळ डोकं खाजवत उभे.

डावं धनुष्य सहजी मिळत नाही,
जुन्यात तर नाहीच.
परभणीचं दुसऱ्या कुणाकडं गेलं.
चार महिने लागतील, पैसेही वर लागतील.
मधे गणवेशाचा हंगाम आहे, बघू.

तोवर ती दुकानाच्या पायरीवर
चड्ड्यांचं इलॅस्टिक ताणत उभी असते.
लिहिणारा हात पुढं, डावा मागं.
डावा अजून अडाणी आहे, थरथरतो.
मी मशीनवरनं बघतो,
बगलेत चुणी नाही.

काल सहज माप घेतलं. साडेत्रेसष्ट.
वहीतला आधीचा आकडा खोडला नाही,
त्याच्या शेजारी लिहिला.