अदलाबदल

नव्या पिकअपला गप्प बसवत नसे:
पट्टा लावा. दार उघडं आहे. डावीकडे वळा.
सत्तर मैल नेब्रास्काचं गवत, त्यात वळण एकच,
तेही वर्लिनच्या घराचं.

आयोनाच्या कोठारापुढे चौऱ्याण्णवचा उभा,
तीन लाख बारा हजार मैल पोटात.
"दार उचलून लाव," ती म्हणाली,
"आणि तिसऱ्या गिअरला घाई नको.
ग्लेननं कधी केली नाही."

सीटमध्ये ग्लेनचा खळगा, डावीकडे कललेला.
कुंपणाचे दोन खिळे. कुत्र्याचे केस.

वर किती द्यायचे, तिनं तीनदा विचारलं.
वर्लिन काचेचं हँडल फिरवून बघत होता.

चढावर तिसरा अडला.
तो थांबला.
मग पडला गिअर.

मागे, अंगणात, आयोना नव्यात बसलेली,
दारं लावून, इंजिन सुरू,
पट्टा मुद्दाम न लावता.