सात टॅब

सोमवारी सकाळी शटर वर केलं,
पासवर्ड टाकला,
आणि आत दुसऱ्याचंच घर निघालं.

डावीकडची यादी गेलेली. तिच्या जागी
तीन आडव्या रेघा,
कोण्या बैराग्याच्या कपाळावर असतात तशा.
अक्षरं राखी, फिकट,
पाटी ओल्या फडक्यानं पुसल्यावर उरतात तेवढीच.
तारखेचा चौकोन जातीच्या चौकोनावर चढून बसलेला,
आणि 'जतन करा' कुठंच नाही.

बाकावर नऊ माणसं.
सिंदेवाहीची बस साडेअकराला,
दाखले त्याआधी हवे.

हेल्पलाइनवरचा पोरगा चांगला होता.
कॅश साफ करा, म्हणाला. केली.
दुसऱ्या ब्राउझरमधून बघा. बघितलं.
बंद करून चालू करा. ते तर लाइटनंच
सकाळपासून दोनदा करून दिलं होतं.
मग म्हणाला, "ताई, आमच्याकडे बरोबर दिसतंय."
"स्क्रीन कोणती तुमची?"
जुनी, चौकोनी. शाळेनं काढून टाकली तेव्हा
सातशेला घेतली मी.
पलीकडे थोडा वेळ नुसता पंखा ऐकू आला.

मी पान लहान करत गेले. ऐंशी टक्के. साठ.
पन्नासला बटणाचं निळं टोक दिसलं,
पण अक्षरांची खसखस झाली.
महागू नैताम मागून वाकून म्हणाले,
"मुंग्या लागल्या का वं याले?"

पुन्हा मोठं केलं, तर समोर द्रुपदाबाई गेडाम.
तिला वाचता येत नाही.
साक्षरता वर्गात तीन महिने
आपलं एकच नाव तिनं गिरवलं होतं,
त्याची चण तिला ठाऊक,
आपल्या शेळीची असावी तशी.
पडद्यावर द वेगळा, पाय मोडलेला,
रु त्याच्यापासून हातभर लांब,
आणि मधे टिंबाटिंबांचं एक रिकामं वर्तुळ,
पंगतीत कोणी न बसलेल्या पत्रावळीसारखं.
"मायं नाव कोणं तोडलं वं पोरी?"

काय सांगू. फॉन्ट, म्हटलं.
ती बसली. म्हणाली, मीबी एकदा
घर सारवताना चूल इकडची तिकडं केली होती.
सासऱ्याले दिसत नव्हतं.
आठ दिवस बुडा
भिताडालेच हात शेकत बसला.

तेव्हा माऊस बाजूला सरकवला मी.
न दिसणारं बटण म्हणजे नसलेलं बटण नव्हे.
नावापासून टॅब दाबत निघाले:
गाव, तारीख, खाली दबलेली जात,
मोबाइल, 'वरील माहिती खरी आहे',
सहाव्याला कर्सर पडद्याच्या खाली उतरला,
सातव्याला कुठं होता देव जाणे.
द्रुपदाबाई बोटांच्या पेरांवर मोजत होती.
"सात," ती म्हणाली.
मी एंटर दाबला.

प्रिंटरनं घसा खाकरला.
कागद आला, आणि कागदावर नाव सलग होतं,
द आणि र एकमेकांच्या कुशीत, खाली उकार.
तालुका तेवढा शिक्क्याच्या घरात घुसलेला.
तिनं ओल्या शाईवर फुंकर मारली,
घडी करून बटव्यात ठेवली
आणि बसला गेली, पैसे द्यायचे विसरून.

त्या आठवड्यात सगळ्या गावाला सात पाठ झाले.
मी दाबायची, बाक मोजायचा,
पोरं तर मुद्दाम आठ ओरडायची.

शुक्रवारी रात्री कोणीतरी कुठंतरी
काहीतरी दुरुस्त केलं. न सांगता.
शनिवारी बटण समोरच, निळंशार, हाताएवढं.
पण माझं बोट जुन्याच वाटेनं निघालं,
बाकानं सात म्हटलं,
एंटर पडला
थेट 'रद्द करा'वर.

नैतामांनी चष्मा काढला, पुसला,
आणि आपलं नाव
पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.